पात्राची फाईल आधी बनवायची का पात्राला सरळ अडचणीत टाकायचं?

धागाकर्ता: पात्राचं वय, उंची, शिक्षण, आवडती भाजी असली यादी करून माणूस उभा राहत नाही, हे माझं मत. मी सोलापूरजवळच्या कुंभारीच्या घरकुलातली एक विडी वळणारी बाई घेतली, नरसव्वा, चार पानं माहिती लिहून काढली आणि कथेत ती नुसती सूप मांडीवर घेऊन बसून राहिली. मग एक प्रसंग लिहिला. शेजारणीला ताप, म्हणून तिच्या विड्या पण हीच घेऊन कारखान्यात जाते, तपासणारा त्यातल्याच मूठभर खराब म्हणून बाजूला टाकतो आणि हिला बोलतो. आता खरं सांगायचं का गप ऐकून घ्यायचं? तिथं बाई जिवंत झाली बघा. चार पानातलं एक वाक्य कामाला आलं नाही.

चाटीगल्लीकर: अण्णा, नाही पटलं. विड्या तपासून बाजूला टाकतात हे तुम्हाला त्या चार पानांमुळंच माहीत होतं ना? आणि कुंभारीची ती १० हजार घरं विडी कामगारांना मिळाली २००६ ला, म्हणजे पन्नाशीची नरसव्वा त्याआधी सोलापूरच्या पूर्वभागात कुठंतरी एका खोलीत सासू, दीर, पोरं सगळ्यांत राहिली असणार. एवढ्या वर्षांनी स्वतःच्या दाराला कुलूप लावायला मिळालेली बाई शेजारणीपायी काम घालवेल का, याचं उत्तर त्या जुन्या खोलीत आहे. प्रसंगात नाही.

धागाकर्ता: खोलीचं भारी आहे, पण मला ते प्रसंगानंतरच शोधावंसं वाटलं असतं, आधी नाही.

कडक भाकरी: तुम्ही दोघं पण तिचं बोलणं विसरलात. घरी तेलुगू, बाजारात मराठी, गल्लीत कन्नड पण कानावर. ती चिडल्यावर कुठल्या भाषेत जाते ते आधी ठरवा ना बे! आपल्याकडच्या कथेत विडी कामगार बाई पुण्याच्या बाईसारखं बोलते तेव्हा मी पुस्तक मिटते.

मंगळवार पेठ: एवढा खटाटोप कशाला, खरा माणूस घ्या आणि लिहा. माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं' १९४९ चं, बघितलेल्या माणसांवरनंच लिहिलंय, अजून वाचतो आपण.

कडक भाकरी: दादा, बघितलेला माणूस असा कागदावर उतरवायला त्यांची नजर लागते. मी माझ्या आत्तीवर जशीच्या तशी कथा लिहिली, तिनं ओळखलं, दोन वर्षं बोलली नाही. आणि कथा पण चांगली नव्हती, कारण आत्ती रागावेल म्हणून तिची कडू बाजू मी लिहिलीच नव्हती. तेव्हापासून हात एकीचे, जीभ दुसरीची, भीती माझी स्वतःची. भीती स्वतःची असली की खोटं लिहिता येत नाही.

मंगळवार पेठ: मग ती तुम्हीच झालात की, नरसव्वा कुठं राहिली?

धागाकर्ता: काल रात्री परत लिहिलं. ती मराठीत सुरू करते, अडखळते, मान खाली घालून तेलुगूत पुटपुटते. आणि तो तपासणारा तेलुगूतच उत्तर देतो. त्याला येतं हे तोपर्यंत मला पण माहीत नव्हतं.

चाटीगल्लीकर: अण्णा, हे आत्ता लगेच फाईलमध्ये लिहा. नाहीतर पुढच्या प्रसंगात तो तिच्याशी परत मराठीत बोलेल.