कोबायाशींचा 'इन ऑफ ईव्हिल' : असे चित्रपट टीव्हीवर पुन्हा केले की खोटे का वाटतात?

रातकिडा
जपानी दिग्दर्शक मासाकी कोबायाशींचा १९७१चा कृष्णधवल चित्रपट. एदोतल्या, म्हणजे जुन्या टोकियोतल्या, फुकागावाची खाणावळ, चोरटा माल उतरवणारी टोळी, शेवटी शिपायांच्या कंदिलांचा वेढा. अशा गोष्टी टीव्हीसाठी रंगीत करून पुन्हा काढल्या की नाटकी वाटतात. फक्त पैसा कमी पडतो म्हणून?

वातकाजळी
पैसा नंतर, आधी उजेड. त्या काळचा 'आंदोन' म्हणजे कागदी चौकटीत तेवणारी एक वात. गरिबाघरी तर माशाचं तेल, मेणबत्ती परवडायचीच नाही. टीव्हीवाले दोन-तीन कॅमेरे एकदम चालवतात, म्हणून वरून सपाट उजेड ओततात आणि खोलीचे कोपरेच मरतात. उपाय स्वस्त आहे: आंदोनात डिमरवर पिवळट बल्ब, बाकी उजेड एकाच बाजूने कागदी दारातून, आणि वेढ्याच्या प्रसंगात जमीन ओली. कंदिलाची तिरीप ओल्या जमिनीवरच दिसते.

दुसरी गोची केसांच्या टोपाची. एचडीत कपाळावरचा जोड उघडा पडतो. जिथे भूमिकेचं डोकं पुढून तासलेलं नसेल तिथे 'हान-कात्सुरा', म्हणजे अर्धा टोप लावून पुढचे केस नटाचेच ठेवतात.

गलबत
मालाची वाट चुकली की माझा रस संपतो. परदेशी व्यापाराच्या नागासाकी बंदरात १७१५पासून वर्षाला चिनी ३० आणि डच २ जहाजांचीच मुभा. चोरट्या व्यापाराला, म्हणजे 'नुकेनी'ला, जोर येणारच. एदोच्या खाडीत शिरणारी जहाजं १७२०पासून खाडीच्या तोंडावरच्या उरागाच्या नाक्यावर तपासली जात. पुढे खाडी उथळ, म्हणून मोठी जहाजं एदोजवळच्या शिनागावासमोर नांगर टाकत आणि माल लहान होड्यांत उतरे. चोराला फट सापडते ती इथे, रात्री, होडी बदलताना. रिमेकमध्ये मोठं जहाज थेट खाणावळीला लागलेलं दाखवलं तर समजा, कुणी नकाशा उघडलेला नाही.

वातकाजळी
आणि धरपकड! शिपायांना माणूस जिवंत हवा असायचा, कारण शिक्षेचा सगळा डोलारा कबुलीजबाबावर. म्हणून छाप्याला बोथट तलवार, शिवाय लांब दांड्यांची हत्यारं: 'सासुमाता'ने दाबून धरायचं, काटेरी 'सोदेगारामी' बाहीत अडकवून पिळायचं. टीव्हीवर शिपाई एकेक करून पुढे येतात आणि एकेका वारात पडतात. खरी भीती चारी बाजूंनी आत येणाऱ्या दांड्यांची.

रातकिडा
पटलं. आणि संवादांत पैशाचे आकडे येतात, त्यांचं काय?

गलबत
तेव्हाची नाणी अशी: १ र्यो = ४ बु = १६ शु. १७४२च्या फौजदारी नियमांत १० र्यो किंवा जास्तीच्या चोरीला मृत्युदंड. त्यामुळे माल गेलेलाच कधी कधी तक्रारीत '९ र्यो ३ बु २ शु' लिहायचा, चोराचं डोकं आपल्या माथी नको म्हणून. त्यावर तेव्हा विनोदी कविताही झाल्या. हा आकडा संवादात नुसता टाकला तरी काळ उभा राहतो.