'यांत्रिक श्वसन' आणि यकृतातील रक्तप्रवाह : नेमके शब्द कोणते?

प्रश्न : यकृत प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी मराठी माहितीपत्रक तयार करायचे आहे. 'मेकॅनिकल व्हेंटिलेशन'साठी 'कृत्रिम श्वसन' लिहावे की 'यांत्रिक श्वसन'? त्याचा परिणाम 'रक्ताभिसरणावर' होतो म्हणावे की 'रक्तप्रवाहावर'?

उत्तर : बुडालेल्या माणसाला तोंडाने दिलेल्या श्वासालाही 'कृत्रिम श्वसन' म्हणतात, त्यामुळे येथे 'यांत्रिक श्वसन' अधिक बरे. पण जीवशास्त्रात 'श्वसन' या शब्दात पेशींमधील प्राणवायूचा वापरही येतो, आणि तो काही यंत्र करीत नाही. 'वायुवीजन' अर्थाने काटेकोर असले तरी ते वाचून खोलीची खिडकीच आठवते. म्हणून माहितीपत्रकात 'व्हेंटिलेटरद्वारे दिलेला श्वासोच्छ्वास' असे सरळ लिहावे, कारण व्हेंटिलेटर हा शब्द आता घरोघरी माहीत आहे.

दुसऱ्या प्रश्नातले दोन्ही शब्द लागतील, मात्र वेगवेगळ्या जागी. आपण स्वतः श्वास घेतो तेव्हा छातीतील दाब कमी होतो आणि शरीरातील रक्त हृदयाकडे ओढले जाते; व्हेंटिलेटर हवा आत ढकलतो, त्यामुळे तो दाब वाढतो, हृदयाकडे परतणारे रक्त घटते आणि रक्तदाब उतरू शकतो. हा झाला 'रक्ताभिसरणावरील' परिणाम. यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरा मात्र हृदयाच्या उजव्या कर्णिकेला (वरच्या कप्प्याला) अगदी जवळ असलेल्या महाशिरेत उघडतात, म्हणून तेथील दाब वाढला की यकृतातून रक्त बाहेर पडण्यास अडथळा येऊ शकतो. हा 'यकृतातील रक्तप्रवाहावरील' परिणाम होय. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे चौथा हिस्सा यकृताला मिळतो आणि त्यातील जवळपास ७५ टक्के आतड्यांकडून रक्त आणणाऱ्या पोर्टल शिरेतून, म्हणजे कमी दाबाने येतो. म्हणूनच पुढील वाटेवरचा थोडा दाबही येथे विचारात घ्यावा लागतो.

क्रियापद मात्र जपून वापरावे. व्हेंटिलेटरवर उच्छ्वास संपल्यावरही फुप्फुसांत थोडा दाब राखला जातो, तो वायुकोश (फुप्फुसांतील हवेच्या बारीक पिशव्या) मिटू नयेत म्हणून, आणि या रुग्णांना त्याची गरज असते. प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांत अशा दाबाने, तो १० सेंटीमीटर उंच पाण्याच्या स्तंभाच्या दाबाइतका होईपर्यंत, यकृताचा रक्तप्रवाह लक्षणीय घटला नाही, अशी निरीक्षणे आहेत. तेव्हा 'परिणाम होतो' असे न लिहिता 'होऊ शकतो' असे लिहावे; आधीच धास्तावलेल्या कुटुंबाला यंत्राची भीती घालणे योग्य नाही. प्रकृती स्थिर असल्यास व्हेंटिलेटर शक्य तितक्या लवकर काढतात, हेही त्याच परिच्छेदात यावे.

पुरवणी प्रश्न : बाहेर पडण्याची वाट अडल्याने यकृतात रक्त साचते, त्याला 'रक्त साकळणे' म्हणता येईल का?

उत्तर : कृपया म्हणू नये. साकळणे म्हणजे गोठणे. प्रत्यारोपणानंतर यकृताच्या रोहिणीत रक्ताची गुठळी होणे ही वेगळी आणि अतिशय गंभीर गुंतागुंत आहे, आणि तिच्यावर लक्ष ठेवण्यासाठी वारंवार डॉप्लर सोनोग्राफी (रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी) करतात. साचण्यासाठी 'रक्त तुंबणे' किंवा 'रक्तसंचय' लिहावे, आणि गुठळीसाठी 'गुठळी' हाच शब्द ठेवावा.