मदत हवी आहे: आजीच्या इरकली नऊवारीचा जुन्या धाटणीचा फ्रॉक, कात्री लावायची हिंमत होत नाहीये

नमस्कार मंडळी,

प्रश्न शिवणाचा आहे आणि जरा लांबण लागणार आहे.

दोन वर्षांपूर्वी ठरवलं, रोजचे कपडे जमतील तेवढे घरीच शिवायचे. सिडकोत एका बाईंकडे क्लास केला, आईचं पायमशीन तेलपाणी करून घेतलं. आतापर्यंतची कमाई: पॉपलीनचे चार स्कर्ट, दोन कुर्ते आणि गळा चुकलेला एक गाऊन, जो फक्त घरात दिसतो. मला आवड जुन्या फॅशनची. फुग्याच्या बाह्या, कमरेत नीट बसलेला वरचा भाग, पुढे बटणपट्टी, खाली भरपूर घेर. आजीच्या तरुणपणच्या फोटोतलं झंपर बघा आणि १९५० च्या आसपासचा विलायती फ्रॉक बघा, बाह्या सख्ख्या बहिणी वाटतात.

मैत्रिणीने परदेशातून त्या काळचा कागदी पॅटर्न आणून दिला. पाकिटावर साईझ १६, छाती ३४, कंबर २८. (तेव्हाचे आकडे आणि आजच्या दुकानातले आकडे यांचा काही संबंध नाही, हे मला पाकीट उलटून बघेपर्यंत माहीत नव्हतं.) माझी छाती ३६, कंबर ३१, उंची पाच फूट एक इंच. म्हणून बाजूच्या चारही कडांना (पुढे दोन, मागे दोन) अर्धा-अर्धा इंच वाढवून आधी मांजरपाटाचा (जाड्याभरड्या सुती कापडाचा) नमुना शिवला.

घालून आरशासमोर उभी राहिले तर, खांदे चांगले बसलेत, पण मुंढ्यापासून (बाही जोडतात त्या कडेपासून) छातीकडे तिरप्या सुरकुत्या ओढल्यासारख्या येतात. बटणं लावली की मधे फट पडते, आणि त्याच वेळी काखेखाली कापड लोंबतं. कमरेची शिवण कमरेच्या दीड इंच खाली उतरते, त्यामुळे पाठीत मूठभर झोल. घट्टही आणि सैलही, एकाच वेळी!

खरं कापड म्हणजे आजीची इरकली नऊवारी. हिरवं अंग, लाल गोमी काठ (गोमी म्हणजे काठावर विणलेली नक्षी), पन्ना म्हणजे रुंदी ४७ इंच भरली. पॅटर्नमध्ये खाली अर्धगोल घेर आहे. काठ कुठे घेऊ तेच कळत नाही. टेलरकडे द्यायची नाही हे नक्की. मागे आईची एक साडी ड्रेससाठी दिली होती, काठ पोटावर आडवा लावून परत आला.

प्रतिसाद १

अगं, तू कडेला वाढवलंस तिथेच घोटाळा झालाय. कडेला वाढवलेलं कापड काखेखाली जातं, आणि तुला कमी पडतंय ते पुढे, मधे. पुढच्या भागाची कडेची वाढ काढून टाक, पाठीची राहू दे.

क्रम असा ठेव: आधी उंची, मग छाती. पॅटर्नच्या कागदावर कमरेच्या वर आडवी रेघ असेल, ती लांबी कमी-जास्त करायचीच असते. हे पॅटर्न साधारण साडेपाच फुटी बाईसाठी काढलेले. त्या रेघेवर पुढे-मागे सारखीच दीड इंचाची घडी घाल. पाठीतला झोल बहुतेक तिथेच संपेल.

मग पुढच्या भागाचा कागद कमरेच्या टक्सच्या (कापड चिमटून घातलेल्या टोकदार शिवणीच्या) मधून छातीच्या टोकापर्यंत काप, तिथून मुंढ्याकडे वळ. मुंढ्याच्या कडेला दोरा जाईल एवढंच जोडलेलं ठेव. कडेच्या टक्समधूनही टोकापर्यंत काप. आता छातीपाशी अर्धा इंच उघड, खाली नवा कागद चिकटव. दोन्ही बाजू मिळून एक इंच पुढे आणि एक पाठीचा, झाले ३६. कंबर तरी इंचभर कमी पडेल, तेवढा कमरेचा टक्स कमी घे. त्या काळी आतून कमर आवळणारे कपडे घालत, ती २८ कंबर त्यांची. आपण जेवून उठणार.

प्रतिसाद २

मी फक्त घेराबद्दल बोलते. इरकलचा काठ असताना अर्धगोल घेर करू नकोस. काठ सरळ विणलेला असतो आणि गोल घेराची खालची कड वळते. काठ त्या वळणावर बसणारच नाही, कापून टाकावा लागेल. शिवाय गोल घेराचा काही भाग उरेब, म्हणजे विणीला तिरका पडतो, तो टांगून ठेवला की खाली लोंबतो, एक दिवस लटकवल्याशिवाय हेम घालता येत नाही.

त्यापेक्षा चुण्यांचा सरळ घेर घे, तोही त्याच काळातला. साडी आडवी धर, काठ खाली. लांबी २७ हवी असेल तर काठापासून वर साडेअठ्ठावीस इंच काप. खाली काठच आहे, हेम नाही, काही नाही. कापड जरा जाड आहे म्हणून कमरेच्या अडीचपट पुरे, म्हणजे साधारण ७८ इंच. नऊ वार म्हणजे ३२४ इंच, तेव्हा कापडाची चिंता सोड. वर उरणाऱ्या पट्टीलाही दुसरा काठ आहे, तो बाह्यांच्या कडेला आणि पट्ट्याला वापर.

पदर मात्र फ्रॉकसाठी कापू नकोस. इरकलचा पदर अंगाला मागावर फासे घालून जोडलेला असतो. वेगळा काढून दुपट्टा कर, नाहीतर जपून ठेव.

प्रतिसाद ३

एवढं सगळं ठरवण्याआधी साडी खिडकीत उजेडासमोर धरा. काष्ट्याच्या जागी आणि वर्षानुवर्षांच्या घड्यांवर कापड विरलेलं असतं. शंका आली तिथे दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून हलकं ताणा. चिरलं तर तो भाग सोडून कापा. आणि एकदा पाण्यातून काढा, पण काठाचा रंग आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर तपासून.

मूळ प्रश्नकर्ती

तिघींचेही आभार. काल मेन रोडवरून अजून दोन मीटर मांजरपाट आणलं. दुकानदार म्हणाला, "ताई, गादी शिवताय का?" दुसरा नमुना आज दुपारी झाला. झोल गेला, बटणपट्टीची फट गेली, उजव्या मुंढ्यात अजून एक बारीक सुरकुती आहे पण माझा उजवा खांदा उतरताच आहे.

साडी उजेडात धरली. जागोजागी हातभर भाग अगदी जाळीसारखा झालाय, मधले भाग धडधाकट. जाळीचे भाग टाळून ७८ इंच सलग मिळत नाहीत, दोन तुकडे जोडावे लागतील. तर जोड कडेला घेऊ की मागे मधोमध? आणि काठाची गोमी जोडावर जुळवायची असेल तर आधी कच्चा टाका घालून शिवू का सरळ मशीनवर?