ब्रिमला मुक्काम करा, नुसता सायलोसमोर फोटो काढून पळू नका

मंजिरी_मेलबर्न

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात गावोगावच्या सायलोंवर, म्हणजे धान्याच्या उंच कोठारांवर, मोठाली चित्रं रंगवली आहेत. ती बघत जायचा रस्ता म्हणजे सायलो ट्रेल. तिथे जाणारी आपली मंडळी काय करतात ते बघतेय. सकाळी रूपॅनयप, मग शीप हिल्स, दुपारी ब्रिम, जमलं तर पॅचेवॉलक, आणि रात्री हॉर्शमला. दोनेकशे किलोमीटरचा ट्रेल एका दिवसात उरकायचा. माझं म्हणणं सरळ आहे. दोघंच असाल, गाडीमागे कॅरव्हान (ओढून न्यायचं चाकांवरचं घर) असेल, तर ब्रिमला निदान दोन रात्री थांबा. मेलबर्नहून साडेतीनशे किलोमीटर घर ओढत न्यायचं आणि घरात बसायचंच नाही, हे मला पटत नाही.

ब्रिम म्हणजे वॉरॅकनाबीलच्या पुढे हेन्टी हायवेवरचं इवलंसं गाव. १९३९ साली बांधलेले तिथले सायलो वापरातून गेले होते. गीडो व्हान हेल्टन या चित्रकाराने त्यांच्यावर वेगवेगळ्या पिढ्यांचे चार शेतकरी रंगवले. जानेवारी २०१६ मध्ये ते काम पुरं झालं आणि पुढचा सगळा ट्रेल त्यातूनच उभा राहिला. रंग फिके, काँक्रीटमध्ये मुरलेले. भर दुपारी गाडीतून उतरून पाच मिनिटं बघितलं तर त्या माणसांच्या खांद्यातला थकवा दिसत नाही. ऊन कलायला लागल्यावर परत जाऊन बघा.

मुक्काम यारिॲम्बिॲक क्रीकच्या (ओढ्याच्या) काठी, गावच्या रिझर्व्हवर (सार्वजनिक मैदानावर). आम्ही ऑनिंग (व्हॅनला जोडलेलं कापडी छत) उघडली, खुर्च्या टाकल्या, नवरा गळ टाकून बसला (लायसन्स काढून, व्हिक्टोरियात ते लागतं). मी चहा ठेवला. शेजारच्या व्हॅनमधले आजोबा निवृत्त शेतकरी. आम्ही भारतातले कळल्यावर आपल्या यूटमधून (मागे उघडा हौदा असलेल्या गाडीतून) मूठभर मसूर घेऊन आले, तळहातावर पसरून दाणा कसा पारखायचा ते दाखवत बसले. या भागात मसुराचं पीक मोठं, आणि त्यातला बराच माल भारतात जातो. आपल्या आमटीत पडणारा दाणा कोणत्या मातीतला, हे मला त्या संध्याकाळी कळलं. गाडीच्या काचेतून ते कळलं नसतं.

रवी_जीलाँग

ताई, वाचायला छान वाटतं. पण तुम्हाला सुट्टी मोजून घ्यावी लागत नसेल. आमच्याकडे दोन मुलं, शाळेची सुट्टी आणि ऑफिसच्या मोजक्या रजा. व्हॅन जोडली की डिझेल भसाभस जातं, म्हणजे एका फेरीत जेवढं बघून होईल तेवढं बघायचं. दहा वर्षांच्या मुलाला क्रीककाठी दोन दिवस काय दाखवू? पाच मिनिटं बघितलं तरी बघितलंच ना. ज्याला जे परवडतं ते त्याने करावं. त्याला ‘पळून जाणं’ म्हणू नका.

नेहा_बॅलरॅट

रवीदादा, एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. एका दिवसात सगळं उरकायला गेलं की शेवटचा टप्पा नेमका तिन्हीसांजेला येतो. कांगारू रस्त्यावर येतात ते तेव्हाच. मागे दोन टनांची व्हॅन असताना करकचून ब्रेक मारून बघा. नोव्हेंबर-डिसेंबरात कापणीचे ट्रक असतात ते वेगळेच. चार वाजता जिथे असाल तिथे थांबा.

मिल्ड्युराचे_काका

माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. मी मुरे नदीकाठी बरीच वर्षं मोटेल चालवलं, म्हणून बोलतो. ही जी ‘निवांत’ मंडळी येतात ना, त्यांचं पीठ, डाळी, मसाले मेलबर्नच्या डँडेनाँग उपनगरातून भरून आणलेले. डिझेल मोठ्या गावात भरलेलं. रिझर्व्हवर मुक्कामाच्या पैशांची पेटी असते, तिच्यात थोडे डॉलर टाकायचे, वीज-पाणी वापरायचं, कचऱ्याचा डबा भरायचा आणि निघायचं. गावाला मिळालं काय? खाजगी कॅरव्हान पार्कवाला कौन्सिलचे रेट्स (मालमत्ता कर) भरतो, विमा भरतो, पगार देतो. त्याच्याच तालुक्यात स्वस्त मुक्काम उघडले की त्याने काय करायचं? दोन रात्री राहून आपण गावावर उपकार करतो हा समज आधी काढून टाका.

मंजिरी_मेलबर्न

काका, उपकाराचं मी कुठेही म्हटलेलं नाही. तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. ज्या गावात खाजगी पार्क आहे तिथे पार्कातच उतरावं. पण पेटीतले पैसे क्षुल्लक समजू नका, अशा जागा त्यांच्यावरच तग धरतात. आणि ज्या पाण्याकाठी आपण बसतो ते आपोआप आलेलं नाही. विमेरा-मॅलीत, म्हणजे ब्रिमच्या या सगळ्या भागात, पूर्वी उघड्या पाटांनी पाणी यायचं आणि बरंचसं वाटेतच जिरून, आटून जायचं. २०१० मध्ये पाइपलाइन पूर्ण झाली, पाट बंद झाले. आता क्रीकवरच्या बंधाऱ्यात करमणुकीसाठी म्हणून वेगळं पाणी सोडावं लागतं. लोकांनी काठ वापरलाच नाही तर ते पाणी कोणाच्या नावावर मागायचं?

रवी, मुलाला गळ द्या हातात. यॅबी (गोड्या पाण्यातले झिंग्यासारखे जीव) पकडायची जाळी द्या. तो दोन दिवस हलणार नाही.

रवी_जीलाँग

यॅबीचं बोललात ते ठीक. तरी दोन रात्री जमणार नाहीत, एक बघतो. ईस्टरला गर्दी असते का तिथे?

मंजिरी_मेलबर्न

असते, लवकर पोचा. वाऱ्याचे दिवस असतील तर ऑनिंग रात्री गुंडाळून ठेवा. आग पेटवण्याआधी त्या दिवशी टोटल फायर बॅन (वणव्याच्या धोक्यामुळे उघड्यावर आग पेटवायला बंदी) आहे का ते बघा. उन्हाळ्यात मात्र जाऊ नका, चाळिशीपार जातं.

मिल्ड्युराचे_काका

पाण्याचा मुद्दा बरोबर आहे, तो मी धरला नव्हता. पण पेटीतल्या पैशांनी दुकान चालत नाही. मुलांना घेऊन जाताय ना रवी? मग दूध, पाव, अंडी, गॅसची बाटली, सगळं वॉरॅकनाबीलला घ्या, मेलबर्नहून भरून नेऊ नका. रात्रीचं जेवण एकदा तरी पबमध्ये. एवढं करणार असाल तर एक रात्र राहा नाहीतर चार, माझी तक्रार नाही.