बायबल शिकणाऱ्याला व्हॉट्सॲपवर उत्तर कसं द्यावं? माझ्या विद्यार्थ्याने बोलणं सोडलंय

शाळेच्या बाई, मेकोसाबाग
सर्वांना सलाम. 31 वर्षं शाळेत मराठी शिकवलं, रविवारची शाळाही घेतली. निवृत्त झाल्यावर ऑनलाइन बायबल अभ्यासक्रमासाठी मार्गदर्शक म्हणून नाव दिलं. विद्यार्थी धडा वाचतात, अडलेलं व्हॉट्सॲपवर विचारतात. सध्या माझ्याकडे तिघे आहेत.

त्यातला एक बुटीबोरीच्या एमआयडीसीत रात्रपाळीला असतो. चर्चची पायरी कधी चढलेला नाही. मार्कचा दुसरा अध्याय वाचून रात्री अडीचला त्याने लिहिलं, "मॅडम, त्या चौघांनी छत उकरून पक्षाघात झालेल्या माणसाला खाली येशूपाशी सोडलं. घर कोणाचं होतं? छत मग कोणी नीट केलं?"

सकाळी मी मोठं उत्तर पाठवलं. पापांची क्षमा, विश्वास, शास्त्र्यांचा आक्षेप, वर पाच वचनं. निळ्या खुणा उमटल्या. आज नववा दिवस, एक शब्द नाही. माझं काय चुकलं? पुन्हा मेसेज करावा का? मन लागत नाही.

जरीपटक्याचा भाऊ
ताई, सलाम. सहा वर्षं झाली मला हे करताना. तुमचं उत्तर खरंच होतं, पण पोराने छताचं विचारलं होतं ना! घर कोणाचं ते मार्कने लिहिलेलं नाही, तेच सरळ सांगायचं. बरेच जण येशूचा शिष्य पेत्र याचं मानतात. तिकडची छतं सपाट असत, वाशांवर फांद्या आणि वर माती थापलेली, म्हणून उकरता आलं. एवढं पुरे. मग विचारायचं, तुझ्या गावचं घर कसं आहे?

रात्रपाळीत चहाच्या सुट्टीत दहा मिनिटं मोबाईल हातात येतो. मी चार ओळींच्या वर लिहीत नाही, व्हॉइस नोट एका मिनिटाची. साठवून ठेवलेला मजकूर फक्त धड्याची लिंक पाठवताना वापरतो. मेसेज जरूर करा, पण "उत्तर का नाही दिलं" असं विचारू नका.

कामठी रोडची नर्स
बाई, वेगळं सिम घ्या आणि वेळ पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. मी रात्री साडेनऊनंतर फोन बघत नाही. मुलगी अठराच्या आतली असेल तर आईवडिलांना माहीत असल्याशिवाय पुढे जात नाही. पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचे नाहीत, नोकरीचा शब्द द्यायचा नाही.

माझी एक चूक सांगते. एका मुलाचा प्रार्थना-विषय मी मंडळीच्या ग्रुपवर टाकला. नाव लिहिलं नव्हतं, गाव आणि कंपनी लिहिली होती. ग्रुपमध्ये त्याच्या ओळखीचं माणूस निघालं. घरी माहीत नसताना तो वाचत होता. त्याने मला ब्लॉक केलं, आणि बरोबरच केलं. अजून रोज त्याच्यासाठी प्रार्थना करते.

कोणी जीव द्यावासा वाटतो असं लिहिलं, तर वचन पाठवून थांबू नका. फोन लावा, टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 द्या. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो.

हिस्लॉपचा जुना विद्यार्थी
नऊ दिवसांनी घाबरू नका. नारायण वामन टिळक आपल्या नागपूरहूनच राजनांदगावला निघाले होते. आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या माणसाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला. वाचायचा शब्द दिला होता म्हणून वाचायला घेतला, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी खिळले. तरी बाप्तिस्मा लगेच झाला नाही, तो पुढे 1895 मध्ये मुंबईत झाला. वाचणाऱ्याला वेळ लागतोच.

शाळेच्या बाई, मेकोसाबाग
काल संध्याकाळी चार ओळी लिहिल्या. घर कोणाचं ते शास्त्रात नाही, छताचंही नाही. आणि आमच्या काटोलच्या घराचं लिहिलं, माकडं कवेलू फोडायची, दर मृगाआधी वडील छतावर चढून ते फेरायचे.

तीन वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं होतं: "आमच्याकडे पण बाबाच फेरायचे. तिथूनच पडले. चार वर्षं झाली, खाटेवर आहेत. म्हणून विचारलं होतं मॅडम."

सकाळपासून फोन हातात घेऊन बसले होते. वचन एकही पाठवलं नाही. तू रात्रपाळीला असतोस तेव्हा बाबांजवळ कोण असतं, एवढंच विचारलंय.