मदत हवी आहे: नुसत्या ब्रॉथच्या कंट्रोललाही टीएनएफ येतंय

नमस्कार मंडळी,

बडोद्यात मायक्रोबायोलॉजीच्या एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. डिझर्टेशन ई. कोलायच्या मेम्ब्रेन वेसिकल्सवर. दोन महिने एकाच जागी अडकलेय आणि जमा करायला पाच आठवडे उरलेत.

विषय ज्यांचा नाही त्यांच्यासाठी: ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंच्या बाहेरच्या पडद्याला फुगवटे येतात आणि त्यांच्या 20 ते 250 नॅनोमीटरच्या पिशव्या (वेसिकल्स) सुटत राहतात. कोलकात्यात चटर्जी आणि दास यांनी 1967 साली कॉलऱ्याच्या जंतूंत त्यांची नोंद केली होती. पिशवीवरचं एलपीएस (जंतूच्या बाहेरच्या पडद्यातलं विष, म्हणजेच एंडोटॉक्सिन) आपल्या पेशींवरचा टीएलआर4 हा रिसेप्टर ओळखतो, त्यामुळे जंतू जवळ नसला तरी दाह सुरू होतो आणि टीएनएफ हे दाहाचा संदेश देणारं प्रथिन सुटतं. गेल्या वर्षी आईचं लघवीचं इन्फेक्शन रक्तात गेलं. अँटिबायोटिक सुरू झाल्यावर कल्चर निगेटिव्ह आलं, पण ताप आणखी तीन दिवस हटेना. रात्री तिच्या कपाळावरची पट्टी बदलताना सारखं वाटायचं, जंतू गेले, मग हे कशामुळे? विषय तिथूनच डोक्यात बसला.

आता अडचण. कल्चर सेन्ट्रिफ्यूज करून 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढते, मग 1,50,000 जी ला तीन तास. नळीच्या तळाशी पातळ मधासारखा पेलेट बसतो. तो टीएचपी-1 पेशींवर (पीएमए हे रसायन देऊन मॅक्रोफेजसारख्या केलेल्या मानवी पेशी) टाकला की टीएनएफ भरपूर. पण जंतू न घातलेला नुसता एलबी ब्रॉथ (जंतू वाढवायचं द्रव) कंट्रोल म्हणून याच पायऱ्यांतून नेला, तरी एलायझात (टीएनएफ मोजायची चाचणी) वेसिकल्सच्या जवळपास निम्मं रीडिंग! तीनदा केलं, तीनदा तेच.

माझा संशय काचेच्या बाटल्यांवर आहे. ऑटोक्लेव्हच्या 121 अंशांत जंतू मरतात, एलपीएस मात्र बऱ्यापैकी टिकतं. ते जाळायला कोरड्या उष्णतेत 250 अंश, अर्धा तास लागतो, आणि आमचं ओव्हन 200 च्या पुढे जात नाही. सीनियर म्हणतात पॉलिमिक्सिन बी (एलपीएसला चिकटणारं अँटिबायोटिक) घाल. पण ते बाटलीतलं सुटं एलपीएस धरेल तसं वेसिकलवरचंही धरेल ना? मग फरक कळणार कसा?

सगळं काम एंडोटॉक्सिन-फ्री प्लास्टिक आणि पाण्यात हलवलं तर पुरेल, की ब्रॉथच बदलावा? एवढ्याशा पेलेटवर ऑप्टिप्रेपचा ग्रेडियंट (घनतेनुसार कण वेगळे करायचं द्रावण) कुणी चालवलाय का? आणि वेसिकल्स एलपीएस पेशीच्या आत, सायटोसोलपर्यंत पोचवतात आणि तिथे कॅस्पेस-4 (पेशी फुटायला लावणारं एन्झाइम) जागा होतो, हे वाचल्यापासून वाटतंय की टीएनएफपेक्षा एलडीएच (पेशी फुटली की बाहेर येणारं एन्झाइम) मोजावं. सुटं एलपीएस तिथवर सहजी जात नाही. बरोबर विचार करतेय का?

एलायझाच्या किटमध्ये फक्त अर्धी प्लेट उरलीय, म्हणून आधी काय करावं तेवढं नक्की सांगा. इथल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फार्मा युनिटमध्ये कुणाची ओळख असेल आणि 250 अंशांचं ओव्हन एक दुपार मिळणार असेल, तर बाटल्या धुऊन, फॉइल लावून मी स्वतः घेऊन येईन.