हजार फुटी बोअरबद्दल

बोअर घेताना सहाशे फुटांवर पाणी नाही लागलं तर हजारापर्यंत जा, असं एकांनी सुचवलंय. मला हे पटत नाही. आपला महाराष्ट्रातला काळा पाषाण (बेसॉल्ट) म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक बसलेले थर, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. भारतीय भूपट्ट तेव्हा हिंदी महासागरातल्या सध्याच्या रियुनियन बेटाखालच्या तप्त स्थानावरून (जिथे खोलातून तप्त शिलारस वर येतो) सरकत होता. या अखंड बेसॉल्टमध्ये पाणी साठायला जागाच नसते. ते सापडतं वरच्या मुरमात, भेगांत आणि प्रत्येक थराच्या माथ्याकडच्या सच्छिद्र भागात. खाली जाल तशा भेगा बहुधा मिटत जातात. कधी खोलवर पाणी लागतंही, पण ते पावसाने लवकर भरून येत नाही. दोन उन्हाळे चालतं आणि मग नुसती धूळ. (हातावर नारळ धरून पाण्याची जागा सांगणाऱ्याचे पैसे तेवढे पक्के.)

शिवाय केसिंग (बोअरच्या वरच्या भागात बसवायचा पाइप) अर्धवट टाकलं, तर शेजारच्या विहिरीचं पाणी तुमच्या बोअरमधून खाली उतरू शकतं. आणि संडासाचा शोषखड्डा जवळ असेल तर आधी तो बघा. वाळूत पाणी थोडंफार गाळलं जातं, खडकाच्या भेगेतून मैलापाणी जवळजवळ जसंच्या तसं येतं.